मशीन नंतर, आधी माणूस तपासतात

जुगाराच्या मशीनच्या परवान्यासाठी माझी वैयक्तिक तपासणी व्हायची होती. त्या फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न नावाचा होता आणि मी तिथेच अडकले. शाळेच्या दाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि अमेरिकेतल्या पदवीवर मधलं नावच गायब. 'आजवर वापरलेली सर्व नावे' या रकान्यात चार नावं लिहिली, तेव्हा शेजारची सहकारी म्हणाली, "तुझ्या मागावर कुणी आहे का?"

मी मूळची इचलकरंजीची, सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकले. आता लास वेगासमध्ये स्लॉट मशीन बनवणाऱ्या एका कंपनीच्या कंप्लायन्स, म्हणजे नियमपालनाच्या, विभागात आहे. आले होते टेस्टिंगला. तीन वर्षांनी परवान्यांच्या कामावर टाकलं, ते आजतागायत. पुण्या-नाशिकची मुलं दर वर्षी विचारतात, की गेमिंग कंपनीत 'रेग्युलेटरी'ची जागा निघाली आहे, घेऊ का? हे काम नेमकं काय असतं, ते त्यांना एकदा सविस्तर सांगावं म्हणून लिहिते आहे.

सगळ्यांत आधी एक समज काढून टाका. अमेरिकेत जुगाराच्या मशीनचा देशभर चालणारा असा एक परवाना नसतो. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, कार्यालय वेगळं, फॉर्म वेगळा. मूळ अमेरिकन जमातींच्या कॅसिनोंसाठी १९८८ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात जमात आणि राज्य यांच्यात करार होतो आणि जमातीचं स्वतःचं नियामक मंडळही असतं. म्हणजे एकच मशीन वीस ठिकाणी विकायचं, तर वीस दारं वाजवायची.

यातलं सगळ्यांत जुनं आणि जाणतं दार नेव्हाडाचं, म्हणजे लास वेगास ज्या राज्यात आहे त्याचं. तिथे जुगार १९३१ साली कायदेशीर झाला, १९५५ साली नियंत्रण मंडळ आलं आणि १९५९ साली त्याच्या वर आयोग. नवीन मुलं या दोघांत हमखास गोंधळतात. मंडळाचे तीन सदस्य. ते चौकशी करून शिफारस करतात. आयोगाचे पाच, अंतिम निर्णय त्यांचा. मंडळापुढची सुनावणी झाली म्हणून पेढे वाटायचे नाहीत.

कायद्याचा मूळ सूर असा, की परवाना हा तुमचा हक्क नाही. राज्याने दिलेली ती मुभा आहे आणि राज्य ती काढूनही घेऊ शकतं. आपण लायक आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. चौकशीचा खर्चही अर्जदाराचाच: अधिकाऱ्याचे तास, प्रवास, हॉटेल, सगळं. आपली झडती घ्यायला येणाऱ्याच्या विमानाचं तिकीट आपणच काढायचं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे अजब वाटलं होतं. आता ते बिल तपासून पुढे पाठवणं माझंच काम आहे.

उत्पादक आणि वितरक हे नेव्हाडात दोन स्वतंत्र परवाने. पेनसिल्व्हेनियानेही २००४ च्या कायद्यात उत्पादक आणि पुरवठादार वेगळे ठेवले. कागदावर सोपं दिसतं, पण 'बनवणे' या शब्दात काय काय बसतं ते पाहा. नुसते पत्रे वाकवून कॅबिनेट जोडणं नव्हे. प्रोग्राम लिहिणं, रचना करणं, तिच्यात फेरफार करणं, रचनेची जबाबदारी घेणं, हे सगळं त्यात येतं. "आम्ही तर फक्त सॉफ्टवेअर देतो" असं म्हणणारा छोटा स्टुडिओ इथेच फसतो.

एवढा संशय कशासाठी, असं वाटेल. मलाही वाटायचं, रॉन हॅरिसची गोष्ट ऐकेपर्यंत. हा माणूस नेव्हाडाच्या मंडळातच इंजिनिअर होता; मशीनमधल्या चिप अस्सल आहेत का ते तपासणं हे त्याच्या हाताखालचं काम. तपासणीच्या साधनातूनच त्याने स्वतःचा कोड मशीनमध्ये घुसवला. ठरावीक क्रमाने नाणी टाकली की मशीन पैसे ओकायचं. पकडला गेला तो वेगळ्याच खेळात. १९९५ साली अटलांटिक सिटीत त्याच्या साथीदाराला केनोवर (आकडे निवडून खेळायचा सोडतीसारखा खेळ) एक लाख डॉलर लागले, कॅसिनोला शंका आली आणि धागा हॅरिसपर्यंत पोचला. कुंपणच शेत खातं, त्याचं याहून चपखल उदाहरण मला माहीत नाही. आज मशीनमधला प्रोग्राम मंजूर झालेलाच आहे का, ते हॅशवरून, म्हणजे प्रोग्रामवरून काढलेल्या ठशासारख्या सांकेतिक क्रमांकावरून, पडताळतात. त्यातला एक अक्षर-अंक जुळला नाही तर ते मशीन कॅसिनोत चालू ठेवता येत नाही. मशीन तपासणाऱ्या लॅबला मंजुरीसाठी प्रोग्राम आणि कागदपत्रं पाठवताना हीच गोष्ट मी नवीन पोरांना सांगते. 'किरकोळ बदल आहे, कळवायला कशाला हवं' हे वाक्य मग कुणी उच्चारत नाही.

तांत्रिक बाजू ज्यांना आवडते त्यांना इथे खरी मजा आहे. खेळणाऱ्यांनी लावलेल्या पैशांपैकी दीर्घकाळात किती टक्के परत जायला हवेत, याची किमान मर्यादा राज्यागणिक बदलते. नेव्हाडात ७५ टक्के, न्यू जर्सीत ८३, पेनसिल्व्हेनियात ८५. म्हणून एकाच खेळाच्या चार-पाच आवृत्त्या असतात आणि प्रत्येकीचं गणित मांडणारी पार शीट वेगळी. चुकीची आवृत्ती चुकीच्या राज्यात गेली तर 'नजरचुकीने गेली' हे उत्तर चालत नाही.

दुसरा नियम मला फार आवडतो: निकाल एकदा यादृच्छिकपणे निवडला, की मशीनने त्यावर पुन्हा दुसरा निर्णय घ्यायचा नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका जपानी उत्पादकाच्या मशीनवरून यावर मोठा वाद झाला होता. हरल्याचा निकाल आधी ठरायचा आणि मग पडद्यावर मुद्दाम 'थोडक्यात हुकलं' असं चित्र मांडलं जायचं. नेव्हाडाने ते बंद करायला लावलं. संभाव्यता ज्याला बरी येते आणि जो नियमातला स्वल्पविरामही वाचतो, असा माणूस या कामाला लागतो. कोडिंग आलं तर उत्तम. पण साध्या, नेमक्या भाषेत पत्र लिहिता येणं त्याहून जास्त उपयोगी पडतं, हे माझं दहा वर्षांनंतरचं मत. मुलाखतीआधी नेव्हाडाचं रेग्युलेशन १४ (उत्पादक आणि मशीनच्या मंजुरीचे नियम) आणि 'जीएलआय-११' हे जीएलआय या तपासणी लॅबचं मशीनविषयीचं मानक वाचून जा. दोन्ही सहज मिळतात. बहुतेक उमेदवार उघडूनही पाहत नाहीत.

वाहतुकीचं मात्र आधी कुणी सांगत नाही. १९५१ चा जॉन्सन कायदा केंद्राचा आहे. जिथे राज्याच्या कायद्याने मुभा दिलेली नाही, तिथे जुगाराचं मशीन पाठवणं हाच गुन्हा. उत्पादक-वितरकांनी दर वर्षी केंद्राच्या न्याय खात्याकडे नोंदणी करायची, प्रत्येक मशीनवर अनुक्रमांक कायमचा कोरायचा, नोंदी पाच वर्षं जपायच्या. त्याखेरीज बऱ्याच राज्यांत ट्रक निघण्याआधीच कुठलं मशीन कुठे चाललंय ते कळवावं लागतं.

पहिल्याच वर्षी मी यात आपटले. चाळीस मशीनची यादी करताना दोन अनुक्रमांकांत शेवटचे आकडे उलटसुलट झाले. कॅसिनोच्या मालधक्क्यावर नियामकाचा माणूस यादी घेऊन उभा होता. त्याने ती दोन मशीन उतरवूच दिली नाहीत, आणि उरलेल्या अडतिसांचाही एकेक क्रमांक पुन्हा मिळवला. ट्रकवाल्याचा दिवस गेला, आमचे पैसे गेले. शिवाय चूक कशी झाली आणि पुन्हा का होणार नाही, याचं दोन पानी स्पष्टीकरण मला लिहावं लागलं. तेव्हापासून यादीवरून यादी तपासत नाही. गोदामात जाऊन कॅबिनेटच्या मागची पट्टी डोळ्यांनी वाचते.

आता पुन्हा त्या फॉर्मकडे. कंपनीचा परवाना म्हणजे संचालक, वरचे अधिकारी, मोठे भागधारक यांची तपासणी आलीच. नेव्हाडात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत दहा टक्क्यांहून जास्त मताधिकार असणाऱ्याला मंडळापुढे यावं लागतं. काही राज्यांत तंत्रज्ञ आणि माझ्यासारखे विभागप्रमुखही येतात. बोटांचे ठसे, करविवरणं, बँकखाती, कर्जं, कोर्टकज्जे, आईवडील, भावंडं, सासरची माणसं. भारतीय माणसाची खरी कसोटी पत्त्यांत लागते. 'जुन्या गणपती मंदिरामागे, वाड्यात पहिला मजला' हे अमेरिकन रकान्यात कसं बसवायचं? मी तसंच लिहिलं आणि खाली टीप जोडली.

माझी चूक झाली ती पैशांच्या रकान्यात. गावच्या एका पतसंस्थेत वडिलांनी माझ्या नावाने संयुक्त खातं काढलं होतं, मी अकरावीत असताना. शिल्लक तीन-चार हजार रुपये. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. अर्ज गेल्यावर महिनाभराने बोलता बोलता आईने विषय काढला आणि माझ्या पोटात गोळा आला. वरिष्ठांनी एकच विचारलं, "त्यांना आधी तुझ्याकडून कळेल की दुसऱ्या कुणाकडून?" त्याच दिवशी दुरुस्तीपत्र पाठवलं. अधिकाऱ्याने खात्याबद्दल दोन प्रश्न विचारले आणि पतसंस्था म्हणजे काय यावर दहा. काकांचंही लिहिलं होतं. श्रावणात तीन पत्ती खेळताना धाडीत सापडून त्यांनी दंड भरला होता. त्यावर एकही प्रश्न आला नाही. अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. बहुतेकदा अडवणारी गोष्ट बारकी होती, पण ती लिहिलेली नव्हती.

घरी काय सांगायचं, हाही प्रश्न मुलं विचारतात. आपल्याकडे कॅसिनोचा विषय अर्धवटच राहिला आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा मात्र टिकून आहे. गोव्याने १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट दिली, नंतर जहाजांवर टेबलांचे खेळ आले. पण या उद्योगाची मोठी कार्यालयं नोएडा-बंगळुरूत आहेत. तिथली पोरं जे मशीन प्रोग्राम करतात, ते त्यांच्या शहरात कुणाला खेळता येत नाही. माझी मावशी अजून लोकांना 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगते. मी दुरुस्त करत नाही. जुगारावर पोट चालतं याची टोचणी मलाही कधीमधी लागते, विशेषतः पहाटे पाच वाजता पेट्रोल पंपावरच्या मशीनपुढे कुणी एकटं बसलेलं दिसतं तेव्हा. ही टोचणी ज्याला अजिबात सहन होणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

सध्या टेबलावर आणखी एका राज्याचा फॉर्म आहे. वडील गेल्या वर्षी गेले, त्यामुळे पतसंस्थेतलं खातं आता माझ्या एकटीच्या नावावर आहे. पासबुकाचा फोटो पाठव म्हणून आईला सांगितलंय. मागच्या वेळी तिने पाठवलेल्या फोटोत तिचा अंगठा नेमका शिल्लक रकमेवर आला होता.