पाण्यातील तांबे टिपणारे नॅनोतंतू प्रयोगशाळेत कसे तयार करावेत

पाण्यात विरघळलेले तांब्याचे आयन साध्या गाळणीत अडत नाहीत. ते एखाद्या पृष्ठभागाला चिकटवूनच बाहेर काढावे लागतात, आणि या चिकटण्यालाच अधिशोषण म्हणतात. पुढील कृती पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या, म्हणजे ‘पॅन’च्या तंतूंची आहे. स्वेटरची अ‍ॅक्रिलिक लोकर मुख्यतः याच पॉलिमरची असते. रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत ही कृती करता येते.

नॅनोतंतूंचे पृष्ठफळ अफाट असते, हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते हिशेबाने तपासून पाहावे. 300 नॅनोमीटर जाडीच्या भरीव पॅन तंतूचे पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम 11 चौरस मीटर भरते, तर चांगल्या सक्रिय कोळशाचे अनेक शे चौरस मीटर असते. तेव्हा केवळ बारीकपणावर भिस्त ठेवू नये. धातू धरण्याचे काम तंतूवर बसवलेले रासायनिक गट करतात. बारीकपणामुळे आयनांना त्या गटांपर्यंत लवकर पोहोचता येते, एवढेच.

सुमारे 1,50,000 रेणुभाराचे 1 ग्रॅम पॅन 9 ग्रॅम डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये टाकून, भांडे झाकून, 60 अंश सेल्सिअसला द्रावण पारदर्शक होईपर्यंत चुंबकीय ढवळणीवर ढवळावे. हा द्रावक त्वचेतून शरीरात शिरतो आणि यकृताला अपाय करतो. म्हणून त्याला सोसणारे हातमोजे घालून हे सारे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच करावे. द्रावण थंड झाल्यावर त्यातील बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे, कारण सिरिंजमध्ये गेलेला बुडबुडा धार तोडतो.

सिरिंजला बोथट टोकाची 21 गेजची सुई लावून ती 15 किलोव्होल्टला जोडावी, समोर 15 सेंटिमीटरवर अर्थिंग केलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवावी आणि द्रावण तासाला 1 मिलिलिटर या वेगाने सोडावे. टोकावरचा थेंब शंकूसारखा ताणला जाऊन त्यातून बारीक धार निघाली, की विद्युतदाब योग्य आहे असे समजावे. फॉइलवर थेंब पडत असतील तर वेग कमी करावा. तंतूंवर मण्यांसारख्या गाठी दिसत असतील तर पॅनचे प्रमाण किंचित वाढवावे. हवेतील आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास असावी. पाणी लागताच पॅन द्रावणातून बाहेर पडते, त्यामुळे मुंबई-कोकणातील पावसाळ्यात आर्द्रता आटोक्यात न ठेवता हा प्रयोग मांडला, तर सुईच्या टोकाशी जेलीसारखा गोळा जमतो आणि दिवस सुई पुसण्यातच जातो. पुसण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून सुईवर उरलेला विद्युतभार अर्थिंगच्या दांडीने उतरवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

फॉइलवर साचलेल्या तंतूंचा पडदा पुरेसा जाड झाल्यावर तो सोडवून वाळवावा. आता त्यातील नायट्राइल गटांचे तांबे धरणाऱ्या अमिडॉक्झाइम गटांमध्ये रूपांतर करायचे आहे. हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडच्या जलीय द्रावणात सोडियम कार्बोनेट थोडेथोडे घालत (ते फसफसते) सामू, म्हणजे पीएच, 7 च्या जवळ आणावा आणि पडदा त्यात 70 अंशांना एक ते दोन तास ठेवावा. हायड्रॉक्सिलअमाइन कोरडे होईपर्यंत कधीही आटवू नये, कारण त्याचा स्फोट होऊ शकतो. धुतलेल्या पडद्याच्या अवरक्त वर्णपटात 2243 सेमी⁻¹ च्या आसपासचे नायट्राइलचे शिखर खाली आलेले दिसले पाहिजे; ते पूर्ण नाहीसे करण्याच्या हव्यासापायी पडदा ठिसूळ होतो, म्हणून अर्धवट रूपांतरावर थांबणेच शहाणपणाचे.

चाचणीसाठी कॉपर नायट्रेटचे लिटरमागे 50 मिलिग्रॅम तांबे असलेले 50 मिलिलिटर द्रावण घ्यावे, त्याचा सामू 5 ठेवावा आणि त्यात 20 मिलिग्रॅम कोरडा पडदा टाकून ते हलवत ठेवावे. सामूवरचे लक्ष ढळू देऊ नये. तो 6 च्या आसपास गेला की तांबे हायड्रॉक्साइड होऊन स्वतःच खाली बसू लागते, आणि पडद्याने न केलेल्या कामाचे श्रेय त्याला मिळते. उलट सामू 2 असेल तर हायड्रोजन आयनच जागा अडवून बसतात. म्हणून पडदा नसलेले तेच द्रावण शेजारी ठेवावे, दुसऱ्या भांड्यात रूपांतर न केलेला पडदा ठेवावा आणि प्रयोग संपल्यावर तिन्हींचे सामू पुन्हा मोजावेत. ठरावीक वेळाने काढलेले नमुने अणुशोषण वर्णपटमापीवर 324.8 नॅनोमीटरला मोजावेत. समजा, उरलेले प्रमाण लिटरमागे 20 मिलिग्रॅम आले. तर 30 ला 0.05 लिटरने गुणून 0.02 ग्रॅमने भागल्यावर ग्रॅममागे 75 मिलिग्रॅम ही क्षमता मिळते. वजनात 2 मिलिग्रॅमची चूक झाली तरी हा आकडा सुमारे दहा टक्क्यांनी हलतो, आणि दमट पडद्यात तेवढे पाणी सहज असते.

वापरलेला पडदा 0.1 मोलर नायट्रिक आम्लात बुडवला की तांबे सुटते. तो सामू तटस्थ होईपर्यंत धुऊन, वाळवून, वजन करून पुन्हा वापरावा आणि प्रत्येक फेरीतील क्षमता वेगळी नोंदवावी. धुवणाचे आम्ल मात्र मोरीत ओतू नये. पाण्यातून काढलेले सगळे तांबे आता त्यात आहे, म्हणून ते जड धातूंच्या टाकाऊ द्रावणांच्या बाटलीतच जमा करावे.