आदल्या संध्याकाळपासून: स्कोपची काच स्वच्छ ठेवायची तयारी

उद्याची पहिली केस पित्ताशयाची, दुर्बिणीतून. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) फळ्यावर एवढंच लिहिलेलं असतं. स्क्रब करणाऱ्या, म्हणजे हात निर्जंतुक करून हत्यारं देणाऱ्या, सिस्टरने मात्र आज संध्याकाळीच कपाट उघडायचं आणि सगळ्यात आधी टेलिस्कोप हातात घ्यायचा. ट्रोकार (पोटाला भोक पाडून बसवायच्या नळ्या), क्लिप (नळी बंद करायचे छोटे चाप), टाक्यांचे धागे नंतर बघू. पोटात उद्या जे काही होणार आहे ते सगळं सर्जन त्या टोकाच्या नखाएवढ्या काचेतून बघणार आहेत. सोळा वर्षं कोकणातल्या ओटीत काढल्यावर नव्या सिस्टरना मी पहिल्या दिवशी हीच तयारी शिकवते.

टेलिस्कोप उचलताना दोन हातांनी, एक हात मागच्या जाड भागाला आणि दुसरा नळीला. एका टोकाला धरून तो लोंबू द्यायचा नाही. आत काचेच्या दांड्या एकापुढे एक बसवलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या छोट्या फटी असतात. ही रचना ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांची. नळी जराशी वाकली तरी आतली दांडी तडकते आणि पडद्याच्या कडेला काळी चंद्रकोर दिसायला लागते. मग ट्यूबलाइटकडे तोंड करून डोळा लावून बघा. चित्र सगळीकडे सारखं दिसतंय का, कुठे धूसर डाग आहे का? टोकाची काच तिरपी धरून तिच्यावर उजेड पाडा. कालच्या केसचा चिकट थर, कडेला सुकलेलं रक्त, पांढरट क्षार असं काही असेल तर ते तिरप्या उजेडातच दिसतं. डाग दिसला तर आत्ताच कोमट पाण्यात आणि सौम्य साबणात मऊ कापडाने काढा. खरखरीत गॉजने कोरडं घासू नका आणि नख तर कधीच लावू नका. शेवटी टोक ट्यूबलाइटकडे करून लाइट केबल जोडायच्या खुंटीत बघा. तिथे काळे ठिपके दिसले तर प्रकाश नेणारे तंतू तेवढे तुटलेत. ठिपके फार असतील तर उद्या अंधारलेलं चित्र मिळेल आणि सगळे उगाच काचेला दोष देत बसतील.

आतूनच धुकं दिसत असेल, म्हणजे बाहेरून कितीही पुसलं तरी जात नसेल, तर सील गेलंय आणि दांड्यांमधल्या फटींत ओल शिरलीय. तो स्कोप बाजूला काढा, त्यावर चिठ्ठी लावा आणि दुरुस्तीला पाठवा. 'उद्याचा दिवस ढकलू' असं म्हणू नका. स्पेअर म्हणून ५ मिमीचा का होईना, दुसरा स्कोप निर्जंतुक करून ठेवायचाच.

आता धुकं का येतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या गोष्टी पाठ कराव्या लागणार नाहीत. ओटीतला एसी २० अंशांच्या आसपास असतो, म्हणून ट्रॉलीवरचा स्कोपही तेवढाच गार. पोटात ३७ अंश आणि हवा दमट. गार काच तिथे शिरली की फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखी तिला घाम फुटतो. भारतातली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात केली. तेव्हापासून कॅमेरे, पडदे, दिवे सगळं बदललं, पण काचेला घाम फुटायचं कारण तेच आहे. म्हणून पहिलं काम काच गरम करण्याचं, पुसण्याचं त्यानंतर.

त्यासाठी स्टीलचा निर्जंतुक फ्लास्क आणि गरम सलाईन. घरच्या चहाच्या थर्मासमध्ये आत काच असते, तो इथे चालत नाही. सलाईन ५० अंशांच्या आसपास हवं, उकळतं नको. उकळत्या पाण्याने टोकाची काच बसवलेला जोड ढिला होतो, आणि तापलेलं टोक आतड्याला लागलं तर भाजतं. स्कोप बनवणाऱ्याने तापमानाची मर्यादा दिलेली असते, ती एकदा वाचून फ्लास्कजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. फ्लास्कच्या तळाशी गॉजचा तुकडा घाला, म्हणजे स्कोप आत सोडताना काच स्टीलवर आपटणार नाही. हा तुकडा गॉजच्या मोजणीत धरायचा, फळ्यावर वेगळा लिहायचा, 'फ्लास्क: १' असा. केस संपताना एक गॉज कमी भरतो, सगळ्यांच्या पोटात गोळा येतो आणि शेवटी तो फ्लास्कच्या तळाशी सापडतो, असं मी दोनदा पाहिलंय. फ्लास्कवर 'गरम, धुण्यासाठी नाही' अशी पट्टीही लावा. सक्शन-इरिगेशनच्या घाईत हेच सलाईन कोणी पोटात सोडलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

स्कोपची नळी टोकाकडून वीतभर तरी बुडाली पाहिजे. नुसती काच बुडवली तर मागची धातूची नळी गारच राहते आणि दोन मिनिटांत काचेची ऊब ओढून घेते. भूल दिल्यावर पोटाला औषध लावून रंगवणं आणि ड्रेप (निर्जंतुक कापडं) लावणं चालू असतं तेवढा वेळ स्कोप फ्लास्कमध्ये राहू द्या. पावसाळ्यात आमच्याकडे ओटीचं दार चार वेळा उघडलं तरी बाहेरचा दमटपणा आत येतो आणि ट्रॉलीवरच्या स्टीलवर हात फिरवला तर ओल लागते. त्या चार महिन्यांत स्कोप ट्रॉलीवर क्षणभरही मोकळा ठेवू नका.

फ्लास्कशेजारी एका गॅलीपॉटमध्ये (छोट्या वाटीत) अँटिफॉग किंवा बेटाडीन सोल्युशन. यामुळे वाफ बसायची थांबत नाही. काचेवर बारीक थेंब होण्याऐवजी पाण्याचा एकसारखा पातळ पापुद्रा पसरतो आणि त्यातून नीट दिसतं. बेटाडीन लावल्यावर मऊ ओल्या गॉजने पुसून घ्या, नाहीतर चित्र तपकिरी येतं. नुसत्या स्पिरिटने काच पुसायची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडा. स्पिरिट उडून जाताना काच आणखी गार करतं, म्हणजे पुसल्यावर धुकं जास्तच येतं. शिवाय ते पेटतं आणि जवळच लाइट केबलचं तापलेलं टोक असतं. चालू केबल ड्रेपवर ठेवायची नाही, हे तर पहिल्या दिवशीच अंगवळणी पडलं पाहिजे. कापड जळतं, आणि खाली पेशंटची कातडी असते.

पुसायला दोन गॉज वेगळे: एक ओला, एक कोरडा. ओल्याने रक्त आणि चरबी काढायची, कोरड्याने टिपायचं. रक्ताने भिजलेल्या गॉजने काच पुसली की चरबी नुसती पसरते. हे दोन्ही गॉज ठरलेल्या जागी, ट्रॉलीच्या उजव्या कोपऱ्यात. सर्जनचा हात थांबलेला असताना शोधाशोध नको.

मग कॅमेरा हेड. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मला हे फार वाईट दिवशी कळलं. नोकरीचं दुसरं वर्ष, एका छोट्या खाजगी रुग्णालयात केस चालू होती. पडद्यावर धुकं. मी स्कोप काढला, पुसला, दिला. पुन्हा धुकं. गरम केला, बेटाडीन लावलं, दिला. तरी धुकं. सात-आठ वेळा हे झालं. सर काही बोलत नव्हते, पण त्यांची हत्यारं पोटात जिथल्या तिथे थांबलेली होती आणि भूलतज्ज्ञ मॅडम घड्याळ बघत होत्या. शेवटी वॉर्डातून आलेले जुने टेक्निशियन काका म्हणाले, "सिस्टर, स्कोप फिरवा, कॅमेरा नका फिरवू." मी नळी फिरवली. डाग जागचा हलला नाही. म्हणजे तो स्कोपवर नव्हताच. कॅमेरा आणि स्कोपची मागची काच जोडतात तिथे पाण्याचा थेंब राहिला होता आणि दिव्याच्या उबेने त्याची वाफ होऊन तिथेच अडकली होती. जोड उघडला, दोन्ही काचा कोरड्या केल्या, पुन्हा लावला. चित्र आरशासारखं. ती बाई बरी होऊन घरी गेली. पण भुलेखाली तिची जी मिनिटं मी चुकीचं टोक पुसण्यात घालवली, ती मला अजून आठवतात.

म्हणून जोडण्याआधी स्कोपची मागची काच आणि कॅमेऱ्याची पुढची काच कोरड्या गॉजने टिपायची, आणि स्कोप फ्लास्कमध्ये असताना हा जोड कधीही पाण्याखाली जाता कामा नये. डाग कुठे आहे हे ओळखायची काकांची युक्ती लक्षात ठेवा: नळीबरोबर डाग फिरला तर स्कोपवर, जागेवर राहिला तर कॅमेऱ्यावर.

स्कोप २ टक्के ग्लुटरल्डिहाइडमध्ये बुडवून निर्जंतुक केला असेल तर निर्जंतुक पाण्याने भरपूर धुवा. राहिलेलं औषध काचेवर थर धरतं आणि पोटातल्या पेशींनाही त्रास देतं.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखायला लावणं) स्कोप गरम करून, पुसून झाल्यावरच करा, कोऱ्या पांढऱ्या गॉजवर. फोकसही तेव्हाच, गॉजचे धागे एकेक दिसेपर्यंत. फोकस चुकलेला असला तर तोही धुक्यासारखाच वाटतो.

बेंबीचा १० मिमीचा पोर्ट (स्कोप आत जायची नळी) बसला की आत जाण्याआधी त्याच्या नळीकडे बघा. काच कितीही स्वच्छ असली तरी ती या नळीतूनच जाणार, आणि जखमेतून झिरपलेलं रक्त व्हॉल्व्हच्या पडद्यावर बसलेलं असतं. लांब चिमट्यात गॉजची घट्ट सुरळी धरून नळी आतून पुसून घ्या आणि ही सुरळीही मोजणीत धरा. केसमध्ये दोन वेळा स्कोप पुसूनही लगेच डाग आला, तर तिसऱ्यांदा स्कोप पुसू नका, पोर्ट पुसा. आत घालताना व्हॉल्व्ह बोटाने उघडा धरला तर पडदा काचेला घासत नाही.

गॅसचं अनेक जण विसरतात. पोट फुगवायला सिलिंडरमधून येणारा कार्बन डायऑक्साइड गार आणि कोरडा असतो. सुरुवातीला तो बेंबीच्या पोर्टमधूनच जातो, म्हणजे थेट स्कोपला घासून, आणि आपण गरम केलेली काच तो पुन्हा गार करतो. बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली (एपिगॅस्ट्रिक) दुसरा पोर्ट बसला की गॅसची नळी तिकडे हलवा. मी हे सरांना आठवण करून देते, "सर, गॅस एपिगॅस्ट्रिकला घेऊ का?" कोणी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

पुढची जबाबदारी कॅमेरा धरणाऱ्याची, तो बहुतेक वेळा नवा डॉक्टर असतो. केस सुरू होण्याआधी त्याच्याशी दोन वाक्यं बोला. कॉटरी (विजेने जाळून कापायचं हत्यार) चालू असताना स्कोप जरा मागे, कारण चरबीचे शिंतोडे पुढे उडतात. हार्मोनिक (कंपनांनी कापायचं हत्यार) वापरताना धुरापेक्षा वाफेसारखे बारीक तुषार जास्त येतात, तेव्हाही मागे. पाणी सोडताना आणि सक्शन करताना मागे. धूर साठला तर दुसऱ्या पोर्टचा नळ थोडासा उघडायचा आणि धूर सक्शनला द्यायचा. सताड उघडला तर पोटातला दाब १२ मिमी पाऱ्यावरून खाली येतो, पोट बसतं, आणि आत्तापर्यंत स्वच्छ असलेली काच आतड्याला टेकते. काच यकृताच्या पृष्ठभागाला टेकवून पुसणं तुम्ही पाहिलं असेल, अनुभवी हात ते करतात. नव्याने करू नये. दिव्याने टोक तापलेलं असतं, आणि डाग पुसायच्या नादात आतड्याला चटका बसला तर तो त्या दिवशी दिसतही नाही.

आता केसचा खरा क्षण. पित्ताशयाची मान वर ओढून कॅलोच्या त्रिकोणातली (पित्ताशयाची नळी, मुख्य नळी आणि यकृत यांच्यामधल्या जागेतली) चरबी सोडवली जाते तेव्हा. अमेरिकी सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली इथे जे दिसलं पाहिजे त्याला 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' असं नाव दिलं. तो त्रिकोण पूर्ण मोकळा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. या तिन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय क्लिप मारायची नाही. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली तर पेशंट आणि त्याचं घर कित्येक वर्षं ते भोगतं. म्हणून इथे धुकं यायची वाट बघायचीच नाही. कॅलोची चरबी सुटत आली, क्लिप मागवतील असं वाटलं, की त्याआधीच म्हणा, "सर, क्लिपच्या आधी एकदा काच स्वच्छ करून देते." फ्लास्कमध्ये अर्धा मिनिट, ओला गॉज, कोरडा गॉज, बेटाडीन, ओला गॉज, पोर्टची नळी, आत. हे एवढं मी घरी रिकाम्या हातांनी घोकलंय, म्हणजे तिथे विचार करावा लागत नाही. स्कोप बाहेर असेपर्यंत आतल्या कुठल्याही हत्याराने काही करायचं नाही, हे सर्जनही पाळतात आणि आपणही बघायचं. फ्लास्कमधलं सलाईन निवलं असेल तर फ्लोअरच्या (स्क्रब न केलेल्या) सिस्टरकडून नवीन मागवा. तासाभराच्या केसमध्ये एकदा तरी बदलावं लागतं.

नाकाच्या दुर्बिणीत ४ मिमीचा स्कोप असतो, तिथे वाफेपेक्षा रक्ताचा त्रास जास्त. फ्लास्क आणि बेटाडीनपेक्षा तिथे ओला गॉज पेशंटच्या कपाळाशी हाताशी ठेवणं कामाचं. गर्भाशयाच्या किंवा गुडघ्याच्या दुर्बिणीत पोकळी पाण्याने भरलेली असते, त्यामुळे काचेला घाम फुटत नाही. तिथे पाणी गढूळ होतं, आणि उपाय पाण्याच्या प्रवाहात शोधायचा.

केस संपली की स्कोप सलाईनमध्ये पडून ठेवू नका. सलाईन सुकलं की काचेवर मीठ राहतं, आणि धातूलाही ते खातं. निर्जंतुक पाण्यातून काढा, मऊ कापडाने टिपा, पुन्हा तिरप्या उजेडात धरा. फ्लास्कच्या तळाचा गॉज बाहेर काढून मोजणीत टाका. रजिस्टरमध्ये केसच्या पुढे लिहा: स्कोप किती वेळा बाहेर काढला आणि कशामुळे, धुकं, रक्त, की धूर. आमच्या रजिस्टरमध्ये जुलैच्या पानांवर 'धुकं' सगळ्यात जास्त वेळा आहे. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दुसरा फ्लास्क काढून ठेवतो.