रात्री रनवेवर उतरताना दिवे कसे वाचायचे (सिम्युलेटरवाल्यांसाठी)

सिम्युलेटरवर दिवसा छान उतरणारे लोक रात्री गडबडतात, कारण एकच, उंचीचा अंदाज डोळ्यांवर सोडतात. मुंबईचा रनवे 09 घ्या, समुद्राकडून आत येणारा. खाली मिट्ट काळं पाणी, समोर झगमगतं शहर, आणि आपण फार उंचावर आहोत असं सारखं वाटत राहतं मग हात आपोआप नाक खाली करतो. मी सुरुवातीला तीनदा किनाऱ्याच्या आधीच पाण्यात गेलोय म्हणून कळकळीने सांगतोय.

आधी रनवे तोच आहे ना ते बघा. जुहूचा छोटा रनवे इथून अगदी जवळ, 1972 साली जपान एअरलाइन्सचं डीसी-8 विमान सांताक्रूझ (मुंबईचा मुख्य विमानतळ) समजून तिथेच उतरलं आणि रनवे संपल्यावरही पुढे गेलं! त्यामुळे रनवे दिसला तरी आयएलएस (रेडिओ सिग्नलवरून रनवेची दिशा आणि उतार दाखवणारी यंत्रणा) लावूनच ठेवा.

आता पापी लाइट (PAPI), म्हणजे आपण वर आहोत की खाली ते दाखवणारे दिवे, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रनवेच्या बाजूला आडव्या रांगेत चार दिवे असतात, दोन पांढरे दोन लाल म्हणजे बरोबर. रनवेला लागून असलेले दोन लाल, बाहेरचे दोन पांढरे. खाली जायला लागलात की रनवेकडून तिसरा दिवा आधी गुलाबीसर होतो आणि मग लाल, तो गुलाबी दिसला त्याच क्षणी थोडी पॉवर द्या, चारही लाल व्हायची वाट बघू नका. चारही पांढरे म्हणजे खूप वर. ग्राउंड स्पीडला (जमिनीच्या तुलनेत वेग, नॉटमध्ये) 5 ने गुणा, मिनिटाला तेवढे फूट खाली यायचं, म्हणजे 140 नॉटला मिनिटाला साधारण 700 फूट खाली येणं ठीक, आणि रनवेपासून 3 नॉटिकल मैलांवर उंची 900 ते 1000 फूट हवी.

हिरव्या दिव्यांची आडवी रांग म्हणजे थ्रेशोल्ड, रनवेची सुरुवात, पण तिथे टेकायचं नाही हं. ती साधारण 50 फुटांवरून ओलांडायची. मोठ्या रनवेवर साधारण 400 मीटर आत दोन जाड पांढरे पट्टे असतात, नेम तिथे धरायचा. टचडाउन झोन मोठ्या रनवेवर पहिल्या 900 मीटरचा, दिल्लीसारख्या धुक्याच्या ठिकाणी तिथे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या दिव्यांच्या छोट्या पट्ट्या दिसतात. त्या संपत आल्या आणि चाकं अजून हवेत असतील तर सरळ गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा, लाज कसली त्यात.

फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, नजर समोरच्या जमिनीवर नको, रनवेच्या पार टोकाला ठेवा, कडेचे दिवे दोन्ही बाजूंनी वर आल्यासारखे वाटतील तेव्हा हळूच नाक उचला.

टेकल्यावर मधल्या रेषेचे दिवे बघत राहा. शेवटचे 900 मीटर उरले की एक लाल एक पांढरा असं सुरू होतं, शेवटच्या 300 मीटरला सगळे लाल. लाल-पांढरे सुरू झाले आणि वेग अजून जास्त असेल तर ब्रेक जोरात दाबा, आणि वळण्याएवढा वेग आला की निळे दिवे शोधा, टॅक्सीवे तिथे आहे.