गेज नसताना टायमिंग बेल्टचा ताण कसा बसवायचा

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या क्रँकवरून (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरवणारा दातेरी पट्टा. गॅरेजात नव्याने लागलेल्या मुलाला त्याच्या पुलींवरच्या खुणा जुळवणं लवकर जमतं. अडतं ते ताणापाशी. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बेल्टला अडकवायचं गेज असतं, नाहीतर टिचकी मारून कंपनांवरून ताण सांगणारं यंत्र. बाहेरच्या गॅरेजात यातलं काही नसतं. तिथे एक जुना मिस्त्री असतो, तो बेल्ट दोन बोटांत पिळतो आणि 'झालं' म्हणतो. ते बोट खोटं नाही, पण त्याची पाळी कामाच्या शेवटी येते. स्प्रिंगचा टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं चाक, असलेल्या इंजिनात ताण बसवते ती स्प्रिंग. आपण फक्त तिच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर करायच्या.

आड येतात व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. कॅमचा उंचवटा रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेवर) टेकलेला असेल, तर व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमला मागे किंवा पुढे ढकलत राहते. कॅम त्या जोराने बेल्ट एका बाजूला ओढतो, ढिलाई भलत्याच बाजूला जाऊन बसते आणि टेन्शनरची नाजूक स्प्रिंग तिच्याशी झगडून थकते. अशा वेळी बोल्ट आवळला, तर बेल्ट एक तर सैल राहतो, नाहीतर गरजेपेक्षा घट्ट. खुणा मात्र दोन्ही वेळा अगदी बरोबर दिसतात. नवशिक्या फसतो तो नेमका इथे.

मारुती 800 आणि ओम्नीच्या 796 सीसी, तीन सिलिंडरच्या जुन्या इंजिनात यावर सरळ उपाय आहे. व्हॉल्व्ह कव्हर काढायचं आणि रॉकरचे सगळे ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण ढिले करायचे. आता कॅम हाताने मोकळा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर कुठलातरी एक स्क्रू अजून टेकलेला आहे. बरेच जण ही पायरी गाळतात, कारण ती केली की शेवटी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन सगळे टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, पुन्हा बसवावे लागतात. तो अर्धा-पाऊण तास वाचवण्यात काही अर्थ नाही.

क्रँकच्या दातेरी पुलीवरचा पंचाचा ठिपका ऑइल पंपाच्या केसवरच्या बाणासमोर आणा, कॅम पुलीची खूण तिच्या जागेवर आणा. टेन्शनरचे बोल्ट इतके ढिले ठेवा की तो हाताने सरकेल, पण डुगडुगणार नाही. बेल्ट चढवताना टेन्शनर नसलेली बाजू आधी तणावात घ्या, सगळी ढिलाई टेन्शनरकडे येऊ द्या. बेल्टवर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. मग टेन्शनर स्प्रिंगच्या हवाली करा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा. दोनच का? क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो आणि खुणा पुन्हा समोरासमोर येतात. फेरे चालू असताना बेल्ट दात्यांत बसत जातो आणि स्प्रिंग उरलेली ढिलाई खात जाते. स्पार्क प्लग आधीच काढून ठेवलेले असले, तर क्रँक कॉम्प्रेशनमुळे झटका देऊन मागे येत नाही. आता बोल्ट आवळा.

चुकून खुणेच्या थोडं पुढे गेलात तर क्रँक मागे आणून जुळवू नका. उलटा फिरवला की ढिलाई टेन्शनरकडून पलीकडे पळते. पुन्हा दोन फेरे पुढे फिरवायचे. सेल्फ मारून तर कधीच फिरवू नका, आणि कॅमचा बोल्ट सोडवताना पुली बेल्टच्या जोरावर अडवून धरू नका. दाते मुळाशी चिरतात, आणि ते वरून दिसत नाही.

होंडाच्या जुन्या डी-मालिकेच्या इंजिनांत, म्हणजे भारतात आलेल्या पहिल्या सिटीतही, हीच अडचण वेगळ्या वाटेने सोडवली आहे. ही इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, हे आधी मनात पक्कं करा. बेल्ट चढवल्यावर क्रँक त्या दिशेने पाच-सहा फेरे फिरवून बेल्ट बसू द्यायचा आणि खुणा जुळवायच्या. मग टेन्शनरचा बोल्ट ढिला करून क्रँक त्याच दिशेने इतकाच फिरवायचा, की कॅम पुली तीन दाते पुढे सरकेल. तिथेच थांबून बोल्ट सुमारे 45 न्यूटन-मीटरला आवळायचा. त्या तीन दात्यांत व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा भार बेल्टच्या ओढणाऱ्या बाजूवर येतो, सगळी ढिलाई टेन्शनरपाशी जमते आणि स्प्रिंग ती उचलते. सुझुकीने भार काढून टाकला, होंडाने तो कामाला लावला. इथे तीनचे पाच दाते करून फायदा नाही, आणि खुणेवरच आवळलात तर बेल्ट सैल राहू शकतो.

काही गाड्यांत स्प्रिंग नसतेच. टेन्शनरचं चाक विकेंद्री असतं, म्हणजे त्याचा आस मध्यापासून बाजूला असतो, त्याला दोन भोकं असतात, आणि ते हाताने फिरवून ताण द्यायचा असतो. दोन पिनांचा खास पाना नसेल, तर वाकड्या तोंडाचा जाड सर्कलिप पक्कड चालतो. टोकं भोकात घट्ट बसली पाहिजेत. दोन स्क्रूड्रायव्हर घालून फिरवण्याचा खटाटोप नको, ते निसटून बेल्टच्या पाठीत घुसतात. बोल्ट आवळताना चाक स्वतःच थोडं फिरतं आणि ताण बदलतो, म्हणून दुसऱ्या हाताने ते धरून ठेवा. काटा आणि खाच असलेल्या टेन्शनरमध्ये काटा खाचेसमोर असताना बोल्ट आवळायचा, दोन फेऱ्यांनंतर तो तिथेच आहे का पाहायचं.

पिळून पाहण्याची चाचणी मुळात अशा विकेंद्री टेन्शनरसाठी चांगली. टेन्शनर नसलेल्या, सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या बरोबर मध्ये बेल्ट अंगठा आणि तर्जनीत धरा आणि बेताच्या जोराने पिळा. तो सुमारे 90 अंश वळावा. 45 अंशांवरच अडला तर घट्ट, सहज 90 च्या पुढे गेला तर सैल. रुंद बेल्ट कमी पिळतो, अरुंद जास्त, आणि आखूड भागावर ही चाचणी निरर्थक आहे. पट्टा गाठ मारल्यासारखा वळवू नका, आतले काचतंतू मोडतात.

याहून खात्रीची गोष्ट म्हणजे साधा स्प्रिंगकाटा आणि पोलादी पट्टी. अट एकच: त्या इंजिनाचा आकडा माहीत हवा. टोयोटाच्या 4ए-एफई इंजिनाचा आकडा आहे 2 किलोच्या ओढीला 5 ते 6 मिमी. बेल्टच्या मध्यावर काट्याचा हुक रुंद कापडी पट्टीने अडकवा, दोन पुलींवर पट्टी टेकवून मूळ रेषा धरा आणि बरोबर काटकोनात ओढा. मोबाइलवरच्या कंपनं मोजणाऱ्या ॲपचंही तसंच, कंपनीने हर्ट्झमधला आकडा दिला असेल तरच उपयोग. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे आकड्यात 10 टक्के चूक म्हणजे ताणात 21 टक्के.

हे सगळं थंड इंजिनावर. ॲल्युमिनियमचं हेड गरम झालं की फुगतं, पुलींमधलं अंतर वाढतं आणि बेल्ट आपोआप घट्ट होतो. गरम इंजिनावर बसवलेला ताण थंडीत सकाळी सैल निघतो.

बेल्ट घट्ट झाला की आरपीएमबरोबर चढणारा घूं-घूं आवाज येतो, टेन्शनरचं बेअरिंग जातं, आणि वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर त्याचंही. सैल झाला की कव्हरवर थपथप वाजतो, आणि एक दिवस चालू करताना किंवा उतारावर गिअरमध्ये गाडी रोखताना क्रँकच्या छोट्या पुलीवर दाता ओलांडतो. दोन्हींतून एक निवडायचाच झाला तर थोडा घट्ट परवडला, बेअरिंग निदान ओरडून सांगतं. पण नवा बेल्ट सैल वाटला तर लगेच टेन्शनर ताणू नका. आधी स्प्रिंग थकली आहे का पाहा, कॅमच्या किंवा क्रँकच्या सीलमधून तेल गळतंय का पाहा. तेल लागलेला बेल्ट पुसून वापरायचा नसतो.

डिझेल इंजिनात हाच बेल्ट फ्युएल पंपही फिरवत असेल, तर लॉकिंग पिना आणि कंपनीची पद्धत यांच्याशिवाय हात घालू नका. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचा) टेन्शनर मात्र वाइसमध्ये (शिकंजात) दाबून बसवता येतो. तो उभा धरून हळूहळू दाबा, दांड्याची आणि बॉडीची भोकं जुळली की बारीक ॲलन की आरपार घाला, बेल्ट चढवून ती ओढून काढा आणि मग क्रँक फिरवा. दांडा घाईने दाबला तर आतलं सील जातं. आणि हाताच्या बोटानेच तो सहज आत गेला, तर तो टेन्शनर परत बसवायच्या लायकीचा नाही.