टेलिकन्व्हर्टर लावल्यावर फोकस चुकतो, तेव्हा दोष कुठे शोधावा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर सकाळी पक्ष्यांची छायाचित्रे टिपणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: नुसत्या लेन्सने घारीचा डोळा स्वच्छ येतो, पण टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारा, चित्र मोठे करणारा भिंगांचा जोड) लावला की चित्र मऊ पडते. टेलिकन्व्हर्टरला नावे ठेवण्यापूर्वी आपली अडचण तीनपैकी कोणती आहे हे ठरवावे. फोकस लागतच नाही, लागतो पण चुकीच्या अंतरावर लागतो, की अचूक लागूनही चित्र धूसर येते? या तिन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि कुठेच थांबत नाही, तेव्हा बहुधा प्रकाश अपुरा पडत असतो. १.४ पट टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप (म्हणजे निम्मा) आणि २ पट टेलिकन्व्हर्टर दोन स्टॉप (म्हणजे तीन-चतुर्थांश) प्रकाश खातो; एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. म्हणजे ३०० मिमी एफ/४ लेन्स पहिल्यासह ४२० मिमी एफ/५.६ होते आणि दुसऱ्यासह ६०० मिमी एफ/८. अनेक डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांचे ऑटोफोकस बिंदू एफ/५.६ पर्यंतच भरवशाने चालतात, आणि एफ/८ ला चालणाऱ्या कॅमेऱ्यांतही बहुधा मधला एखादाच बिंदू किंवा मोजके बिंदू उरतात. म्हणून मधला बिंदू निवडावा आणि पक्ष्याच्या कडेवर, जिथे उजेड-सावलीचा फरक ठळक आहे तिथे, तो धरावा. १००-४०० मिमी एफ/५.६ च्या झूमला २ पट टेलिकन्व्हर्टर लावून एफ/११ झालेल्या डीएसएलआरकडून ऑटोफोकसची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. मिररलेस (आरसा नसलेले) कॅमेरे मात्र एवढ्या कमी प्रकाशातही बरेचदा फोकस साधतात, फक्त वेग मंदावतो. हा मंद वेग प्रत्येक वेळी बिघाड नसतो: कॅननच्या ईएफ लेन्सवर १.४ पट एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावल्यास फोकसची गती मुद्दामच निम्मी आणि २ पट लावल्यास पाव केली जाते, जेणेकरून अचूकता टिकावी.

प्रकाश भरपूर असूनही हाच प्रकार घडत असेल, तर लेन्सवरील फोकस-मर्यादेचा खटका (लेन्सने कोणत्या अंतरांत फोकस शोधावा हे ठरवणारा) पाहावा. कळंब्याच्या तलावावर एका सकाळी खंड्या अगदी समोरच्या फांदीवर बसला असताना मी टेलिकन्व्हर्टरला मनातल्या मनात बरेच बोल लावले, आणि घरी आल्यावर कळले की खटका लांबच्याच अंतरावर राहिला होता. टेलिकन्व्हर्टरमुळे लेन्सचे किमान फोकस-अंतर बदलत नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे. त्यानंतर कॅमेरा बंद करून जोडणी तपासावी. कंपनीचाच १.४ पट टेलिकन्व्हर्टर एफ/४ लेन्सला लावूनही कॅमेरा ५.६ ऐवजी ४ च दाखवत असेल, तर धातूचे संपर्कबिंदू नीट टेकलेले नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यांवर थर जमतो. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ते हलकेच पुसावेत.

दुसरी अडचण सर्वांत फसवी असते, कारण कॅमेरा फोकस लागल्याची खूण देतो आणि तरीही चित्रात पक्ष्यामागची फांदी स्पष्ट येते. हे तपासण्यासाठी पक्षी नको, भिंत हवी. ६०० मिमीसाठी सुमारे १५ मीटर अंतरावर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवावे, शेजारी एक पट्टी तिरकी टेकवावी, कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर ठेवावा आणि रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत. प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. डीएसएलआरवर हीच चाचणी लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून) पुन्हा करावी. लाइव्ह व्ह्यूमधले चित्र स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरमधून घेतलेले मऊ आले, तर काच निर्दोष आहे आणि फोकसचे सूक्ष्म समायोजन (कॅमेऱ्याच्या मेनूतून फोकस किंचित पुढे-मागे सरकवणे) करावे लागेल. नुसत्या लेन्ससाठी केलेले समायोजन टेलिकन्व्हर्टरच्या जोडीला चालेलच असे नाही, म्हणून ज्या कॅमेऱ्यात सोय आहे तिथे त्या जोडीची नोंद स्वतंत्र करावी. मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस सेन्सरवरच मोजला जात असल्याने ही पायरी सहसा लागत नाही.

दोन्ही पद्धतींत चित्र मऊच येत असेल, तर तिसरी अडचण समजावी. ६०० मिमीला हाताचा किंचित कंपही दिसतो. शटर १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवून पाहावे आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तरी वाढवावा, कारण दाणेदार चित्र नंतर सावरता येते, हललेले सावरत नाही. एक स्टॉप ॲपर्चर बंद केल्यानेही धार सुधारते. पुढचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढून टाकावा. एवढ्या विशालनावर त्याचा दोष उघड होतो. हवेचे म्हणाल तर, दुपारी रंकाळ्याच्या पाण्यावरून पलीकडच्या शालिनी पॅलेसचा दगड टिपून पाहावा: तापलेल्या हवेच्या थरांतून कडा थरथरतात आणि कोणतीही महागडी लेन्स त्यावर मात करू शकत नाही. तेच दृश्य सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात पुन्हा घ्यावे. पहाटेच्या गारव्यातून आणलेल्या लेन्सवर दव जमू नये म्हणून ती बंद बॅगेतच हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

एवढे करूनही भिंतीवरच्या चाचणीत अक्षरे एकाच बाजूला सतत पसरट येत असतील, तर काच किंवा माउंट तिरका असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कॅमेरा, लेन्स आणि टेलिकन्व्हर्टर तिन्ही एकत्रच सेवा केंद्रात द्यावेत आणि टेलिकन्व्हर्टरसह व त्याशिवाय घेतलेली चाचणीची छायाचित्रेही सोबत द्यावीत.