नळाला करंट लागतोय? पाइपाच्या अर्थिंगमधल्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आई बाथरूममधून ओरडली, नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत. गिरगावातली जुनी बिल्डिंग आमची. वायरमन आला, नळाला टेस्टर लावला, तो पेटला, तर म्हणे पाइपाला एक वायर बांधून देतो, होईल बरोबर. मी म्हटलं दादा थांबा, आधी गिझर बंद करून बघू. बंद केला, करंट गेला. गिझरमधलं पाणी तापवणारं एलिमेंट फुटलं होतं.

पण मग अर्थिंग असताना करंट नळात आला कसा? हीच गोष्ट जुन्या घरांत सगळ्यांनी बघायला हवी. आमच्या घरातल्या सगळ्या हिरव्या, म्हणजे अर्थच्या, वायरी एकत्र करून कोणीतरी कधीकाळी पाण्याच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला गुंडाळल्या होत्या, म्हणजे पाइपच अर्थिंग. दोन वर्षांपूर्वी बाहेरची लाइन बदलून सीपीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकची, टाकली, भिंतीतला हातभर जीआयचा तुकडा तसाच राहिला, आणि तो आता जमिनीला कुठेच जोडलेला नव्हता. गिझरचा करंट हिरव्या वायरीतून त्या तुकड्यात, तिथून नळात, आणि फ्रिजच्या बॉडीलासुद्धा! त्यामुळे प्लंबिंग बदललं की लगेच अर्थिंग चेक करून घ्या, प्लंबर हे सांगत नाही.

पाइपाला अर्थ बनवू नका, पण पाइपाला अर्थशी जोडायचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरून घरात अखंड धातूचा पाइप येत असेल तर तो आत शिरतो तिथेच क्लॅम्प लावून मेन अर्थच्या पट्टीला जोडायचा, तांब्याची वायर, ६ चौरस मिमीपेक्षा बारीक नको. म्हणजे कुठे फॉल्ट झाला तरी नळ आणि गिझरची बॉडी यांच्यात व्होल्टेजचा फरक जवळपास राहत नाही, एक हात इथे एक हात तिथे असला तरी. सगळी लाइन प्लॅस्टिकची असेल तर नुसत्या स्टीलच्या नळाला वायर लावायची गरज नाही, उलट दुसरीकडचा फॉल्ट तुम्ही त्या नळावर आणून ठेवाल.

क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर बसवतात, तेही चालत नाही. पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसला पाहिजे, आणि क्लॅम्प टाइल्सच्या मागे गाडू नका, नंतर बघता आला पाहिजे.

सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणारे पण आहेत, अजिबात करू देऊ नका, न्यूट्रल तुटली की मशीनच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतात. गॅसच्या पाइपाला अर्थ म्हणून वापरायचं तर नावच काढू नका.

आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच, बसवून घ्या, आम्ही आता बसवलाय. पण तो आहे म्हणून अर्थिंग नसलं तरी चालेल असं समजू नका. अर्थिंग असेल तर लीकेज झाल्या झाल्या तो पडतो, नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो.