ब्रिटनच्या युद्धकालीन संयुक्त मंत्रिमंडळाचा अभ्यास कसा करावा

१० मे १९४० ते २३ मे १९४५ या पाच वर्षांत ब्रिटनचा कारभार पाहणाऱ्या संयुक्त सरकारविषयी वाचायला बसले की पहिली अडचण ही येते की, सगळीकडे एकच माणूस दिसतो. चर्चिल यांची भाषणे आणि युद्धानंतर त्यांनी स्वतः लिहिलेला सहा खंडांचा इतिहास यांचा प्रभाव एवढा आहे की बाकीचे मंत्री केवळ नावापुरते उरतात. त्या खंडांत चर्चिल यांनी धाडलेली टिपणे भरपूर आहेत. सहकाऱ्यांनी त्यांना दिलेली उत्तरे मात्र त्या मानाने फार थोडी. म्हणून सुरुवात त्या खंडांपासून करू नये. हे मंत्रिमंडळ समजून घ्यायचे तर कोण कोणत्या दिवशी आतल्या खोलीत बसत होता आणि कोणाला बाहेर थांबावे लागत होते, हे आधी नक्की करावे.

त्यासाठी एक तक्ता आखावा आणि त्यात मंत्र्याचे नाव, पक्ष, खाते, युद्धमंत्रिमंडळात (म्हणजे युद्धाचे निर्णय घेणाऱ्या मोजक्या मंत्र्यांच्या आतल्या वर्तुळात) तो आत होता की बाहेर, आणि कोणत्या समितीवर होता, एवढे रकाने ठेवावेत. महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकच तक्ता संपूर्ण कालखंडाला पुरत नाही. मे १९४०, डिसेंबर १९४०, फेब्रुवारी १९४२ची अखेर, नोव्हेंबर १९४२ आणि नोव्हेंबर १९४३ असे निदान पाच तक्ते वेगवेगळे करावे लागतात, कारण या प्रत्येक टप्प्यावर माणसे हलली आहेत आणि ती का हलली यातच आघाडीचे राजकारण दडलेले आहे.

पहिला तक्ता भरण्यापूर्वी सरकार कसे जन्मले ते पाहावे. नॉर्वेच्या मोहिमेवरील चर्चेनंतर ८ मे १९४० रोजी कॉमन्स सभागृहात मतदान झाले आणि तत्कालीन पंतप्रधान चेंबरलेन यांचे सरकार २८१ विरुद्ध २०० मतांनी तरले. परंतु २००हून अधिक असलेले मताधिक्य ८१वर आल्यामुळे तो विजय पराभवासारखाच होता. बोर्नमथ येथे अधिवेशनासाठी जमलेल्या मजूर पक्षाच्या नेत्यांनी, आम्ही सरकारात येऊ पण चेंबरलेन यांच्या हाताखाली नाही, असे कळवले, आणि त्याच १० मेला जर्मन सैन्य हॉलंड-बेल्जियममध्ये शिरले. त्या दिवशी चेंबरलेन यांच्या जागी चर्चिल पंतप्रधान झाले. म्हणजे हे सरकार निवडणुकीतून आलेले नव्हते. १९३५ साली निवडून आलेली आणि हुजूर पक्षाचे स्पष्ट बहुमत असलेली संसदच पुढे दरवर्षी मुदत वाढवून दहा वर्षे चालली. बहुमत असूनही हुजूर पक्षाला भागीदार का लागला, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढचे वाचन करावे.

मे १९४०च्या युद्धमंत्रिमंडळात पाचच जण होते: चर्चिल, चेंबरलेन, परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स, आणि मजूर पक्षाचे ॲटली व ग्रीनवुड. यांपैकी हॅलिफॅक्स वगळता कोणाकडेही रोजच्या कारभाराचे मोठे खाते नव्हते. ॲटली यांचे लॉर्ड प्रिव्ही सील हे पद नावाने भारदस्त असले तरी त्यामागे खाते नाही, आणि ग्रीनवुड तर बिनखात्याचेच मंत्री होते. नवख्या वाचकाला वाटते की अशी पदे म्हणजे मित्रपक्षाची बोळवण. पण ही मांडणी मुद्दाम केलेली होती. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१६ मध्ये, पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी पाच जणांचे युद्धमंत्रिमंडळ नेमले तेव्हाही विचार हाच होता की युद्धाचे निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर खात्याच्या फायलींचा ढीग असू नये. याउलट युद्धमंत्री ईडन, नौदलमंत्री अलेक्झांडर आणि हवाई दलाचे मंत्री सिंक्लेअर हे तिघेही बाहेर होते. ते अनुक्रमे हुजूर, मजूर आणि उदारमतवादी पक्षाचे, म्हणजे तिन्ही सेनादलांची खाती तीन पक्षांत वाटलेली. प्रत्यक्ष युद्धसंचालन मात्र चर्चिल यांनी संरक्षणमंत्री हे नवे पद स्वतःकडे घेऊन आपल्याच हाती ठेवले होते.

तक्ता भरताना अर्नेस्ट बेव्हिन आणि सर जॉन अँडरसन या दोन नावांवर अधिक वेळ घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बेव्हिन वाहतूक व सामान्य कामगारांच्या प्रचंड संघटनेचे सरचिटणीस होते. श्रममंत्री झाले तेव्हा ते संसदेचे सदस्यही नव्हते आणि जूनमध्ये त्यांना वँड्सवर्थमधून बिनविरोध निवडून आणावे लागले. २२ मे १९४०च्या आणीबाणी कायद्याने सरकारला नागरिकांची मालमत्ताच नव्हे तर त्यांचे श्रमही हुकमाने वापरण्याचा अधिकार मिळाला आणि तो वापरण्याचे काम बेव्हिन यांच्या खात्याकडे आले. हे विधेयक सभागृहात ॲटली यांनी मांडले होते. कामगारांना कामावर पाठवण्याचा असा अधिकार हुजूर पक्षाच्या मंत्र्याने मागितला असता तर कारखान्यांतून काय प्रतिक्रिया उमटली असती, याचा विचार केला की वर विचारलेल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते. ऑक्टोबर १९४० मध्ये बेव्हिन युद्धमंत्रिमंडळात आले, ते खाते हातात ठेवूनच. अँडरसन कोणत्याच पक्षाचे नव्हते. मुरलेले प्रशासक आणि बंगालचे माजी गव्हर्नर असलेले हे गृहस्थ ऑक्टोबर १९४० पासून लॉर्ड प्रेसिडेंट (हेही मोठे खाते नसलेले वरिष्ठ मंत्रिपद) म्हणून ज्या समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीत देशांतर्गत कारभाराचे बहुतेक वाद मिटत. युद्धमंत्रिमंडळापर्यंत न पोहोचलेला निर्णय कुठे झाला असा प्रश्न पडला की आधी या समितीकडे पाहावे.

आता मूळ कागदांकडे वळावे. युद्धमंत्रिमंडळाची इतिवृत्ते लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘कॅब ६५’ या मालिकेत आणि मंत्र्यांनी मांडलेली टिपणे ‘कॅब ६६’ मध्ये आहेत. दोन्ही संगणकावर पाहता येतात. इतिवृत्त उघडल्यावर मजकुराकडे धाव न घेता आधी वरची उपस्थिती वाचावी. तिथे दोन याद्या असतात: पहिली सदस्यांची आणि दुसरी ‘यांचीही उपस्थिती होती’ अशा मथळ्याखालची. दुसऱ्या यादीतला माणूस त्या दिवशीच्या विषयापुरता बोलावलेला असतो. अति गोपनीय चर्चा मुख्य इतिवृत्तात नसून गोपनीय पुरवणीत असते, हेही विसरू नये. मे १९४०च्या अखेरीस, डंकर्कची माघार चालू असताना, इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी विचारून पाहाव्यात काय यावर हॅलिफॅक्स आणि चर्चिल यांच्यात जो वाद झाला, तो अशाच पुरवण्यांत वाचायला मिळतो. ॲटली आणि ग्रीनवुड या वादात चर्चिल यांच्या बाजूने राहिले, म्हणजे पाचांतली ती दोन मते किती मोलाची होती ते तिथे दिसते. २८ मेला चर्चिल यांनी बाहेरच्या वर्तुळातील मंत्र्यांना बोलावून त्यांचा पाठिंबा मिळवला. त्या बैठकीसाठी मात्र मजूर पक्षाचे मंत्री डाल्टन आणि भारतमंत्री अ‍ॅमेरी यांच्या रोजनिशींचा आधार घ्यावा लागतो.

संसदेतील मतांचे आकडे जपून वापरावेत. १३ मे १९४०चा विश्वासदर्शक ठराव ३८१ विरुद्ध शून्य, जानेवारी १९४२ मधील ४६४ विरुद्ध १, आणि उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडल्यानंतर जुलै १९४२ मध्ये आलेला अविश्वासाचा ठराव ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळलेला, हे आकडे पाहून आघाडीत मतभेदच नव्हते असे वाटू लागते. परंतु पक्षांनी परस्परांच्या जागा पोटनिवडणुकीत लढवायच्या नाहीत असा समझोता केलेला होता, आणि तरीही १९४३ नंतर कॉमनवेल्थ या नव्या छोट्या पक्षाने हुजूर पक्षाच्या काही जागा हिसकावल्या.

मतभेद पाहायचे असतील तर सामाजिक विम्याविषयीचा बेव्हरिज अहवाल हाच उत्तम नमुना आहे. ती समिती जून १९४१ मध्ये ग्रीनवुड यांनी नेमली होती; अहवाल डिसेंबर १९४२ मध्ये बाहेर पडला, तोवर ग्रीनवुड सरकारबाहेर गेलेले होते. अर्थमंत्री किंग्जली वुड यांना खर्चाची धास्ती होती. फेब्रुवारी १९४३च्या चर्चेत सरकारची भाषा इतकी थंड होती की मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरील सदस्यांनी आपल्याच मंत्र्यांविरुद्ध मते दिली. याउलट १९४४चा शिक्षण कायदा तडीला गेला, कारण हुजूर पक्षाचे बटलर आणि त्यांचे मजूर पक्षीय उपमंत्री चुटर ईड यांनी तो मिळून सांभाळला. खात्याचा मंत्री एका पक्षाचा आणि दुय्यम मंत्री दुसऱ्या पक्षाचा असेल तर तशी नोंद तक्त्यात जरूर करावी.

मराठी वाचकाने भारतविषयक निर्णयांसाठी एक स्वतंत्र रकाना ठेवावा. भारतमंत्री अ‍ॅमेरी पाचही वर्षे युद्धमंत्रिमंडळाबाहेर राहिले. १९४२ मध्ये नेमलेल्या भारतविषयक समितीचे अध्यक्ष ॲटली होते आणि मार्च १९४२ मध्ये योजना घेऊन दिल्लीला आलेले क्रिप्स त्या वेळी युद्धमंत्रिमंडळाचे सदस्य होते. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात धान्य आणि जहाजे मागताना अ‍ॅमेरी यांना दुसऱ्या यादीतून बोलावे लागत होते, आणि त्याच टेबलाभोवती बंगालचे माजी गव्हर्नर अँडरसन सदस्य म्हणून बसत होते. त्या बैठकांची इतिवृत्ते वाचताना माणसांच्या या जागा समोर ठेवाव्यात. भारताची मागणी किती दुर्बळ ठिकाणाहून केली जात होती ते तेव्हा उमगते.

शेवटचा तक्ता २३ मे १९४५ रोजी बंद करावा. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत चाललेले चर्चिल यांचे सरकार हे काळजीवाहू होते आणि त्यात मजूर पक्ष नव्हता, त्यामुळे त्याची नावे आघाडीच्या यादीत मिसळू नयेत. मात्र २६ जुलैला निकाल लागल्यानंतर ॲटली यांनी बनवलेले मंत्रिमंडळ त्या तक्त्याशेजारी मांडून पाहावे: बेव्हिन परराष्ट्रमंत्री, डाल्टन अर्थमंत्री, क्रिप्स व्यापारमंत्री, आणि १९४० पासून गृहखाते सांभाळलेले मॉरिसन आता लॉर्ड प्रेसिडेंट. यांतले प्रत्येक नाव आपल्या जुन्या तक्त्यांत कोणत्या रकान्यात आहे ते पेन्सिलीने जोडत जावे.